मेसेजमधलं पाचवं नाव

काश्मीरच्या वरच्या अंगाला आमची पोस्ट होती. तिचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना ते माहीत आहे. आमची पलटण तिथं चढली तेव्हा मी लान्स नायक होतो आणि रेडिओ सेटची ड्यूटी माझ्याकडे होती. खाली कंपनीचा तळ, वर आम्ही. मधल्या उतारावर अर्ध्या वाटेत एक दगडी झोपडी. तिला आम्ही स्टोअर म्हणायचो. रॉकेल, तांदूळ, डाळ, डबाबंद भाजी तिथं असायची. थंडीत खालची वाट बंद झाली की पोस्ट त्या स्टोअरवर जगायची.

मी पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरचा. बाबल परब. मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलो. पुढं गेलो नाही, कारण मला जायचं नव्हतं. आईनं मारलं, मास्तरांनी घरी येऊन समजावलं, तरी गेलो नाही. भरतीसाठी बेळगावला गेलो तेव्हा सही करता येत होती आणि समोर धरलेलं वाचता येत होतं. एवढ्या शिदोरीवर मी हवालदार होऊन निवृत्त झालो. वशिला लावला नाही.

आता गावातले लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. विजेचा खांब वाकला, पाटाचं पाणी आलं नाही, पेन्शन अडकली, की परबाकडे. पेडण्यात एका कार्यक्रमाला बोलावलं होतं, तिथं एका शिक्षिकेनं माईकवर विचारलं, आजोबा, चौथी शिकून तुम्हाला असं मुद्देसूद लिहायला कुठं शिकवलं? माईक हातात आला की मला काही सुचत नाही. पेन हातात असलं की सुचतं. म्हणून हे लिहून देतो.

माझी पहिली शाळा वडिलांचं गाऱ्हाणं.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे देवळात नारळ ठेवून सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलतात, त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. एकजण बोलतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या वाड्यावर ते काम वडिलांचं. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण सातेरीपासून सुरुवात करून, रवळनाथ, मग मानाप्रमाणे एकेक देव, मग गावची माणसं, सासरी गेलेल्या मुली, मुंबईला चाकरीला असलेले, गुरंढोरं, वाटेनं जाणारा परका, शिवेबाहेर उभा असलेला, असं सगळं ते न चुकता घ्यायचे. उभं राहून आमचे पाय दुखायचे. मी एकदा विचारलं, एवढी लांबण कशाला? वडील म्हणाले,

"जेचा नांव घेवक नाय, तेका कोण बघतलो?"

 

पलटणीत शिक्षण हवालदार होते. बढतीची परीक्षा द्यायची तर त्यांच्या वर्गात बसावं लागायचं. तेव्हा आम्ही हिंदी रोमन लिपीत लिहायचो. मला ती लिपी नवीन होती, पण बाकीच्यांनाही नवीन होती, त्यामुळे मी मागं नव्हतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, समजा पुलापाशी शत्रू दिसला, तर तळाला मेसेज लिहा.

मी लिहिला. कंपनी कमांडर साहेबांना राम राम, सीनियर जेसीओ साहेबांना राम राम, क्वार्टर मास्टरना राम राम, मग लंगरवाले, मग सगळे जवान. आम्ही इकडं खुशाल आहोत, तुम्ही तिकडं खुशाल असाल. हवामान असं असं आहे. पान उलटल्यावर खालच्या ओळीत शत्रू आला. मला वाटलं होतं की काम चोख झालं. मोठ्या माणसाशी बोलायचं तर आधी मान द्यायचा, एवढीच एक रीत मला माहीत होती.

हवालदारांनी माझा मेसेज वर्गात मोठ्यानं वाचला. दुसऱ्या राम रामला मागच्या बाकावरून आवाज आला, "व्हय म्हाराजा."

तो सगुण कवठणकर. डिचोलीकडच्या मयेचा. माझ्याच बॅचचा, माझ्यापेक्षा चार यत्ता जास्त शिकलेला, आणि त्याचं अक्षर त्याला स्वतःला वाचता यायचं नाही. आमची गोव्याकडची आणि मालवणकडची पोरं हसून लोळली. सातारा-कोल्हापूरची पोरं विचारत बसली, काय झालं, काय झालं. सगुणनं त्यांना समजावून सांगितलं. तेव्हापासून मी तोंड उघडलं की अख्खी प्लाटून 'व्हय म्हाराजा' म्हणायची. मी चिडलो तर सगुण आणखी चिडवायचा. म्हणून चिडणं सोडून दिलं.

शिक्षण हवालदार हसले नाहीत. त्यांनी माझ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, "परब, तू हे लिहीपर्यंत शत्रू कुठं पोचला?"

मग त्यांनी मेसेजचा साचा घोटून घेतला. काय झालं. कुठं. कधी. कोण कोण. मी काय करतोय. मला काय पाहिजे. ह्या क्रमानं, ह्याशिवाय काही नाही. आणि दुसरा नियम, सेटवर बोलण्याआधी कागदावर लिहायचं. घाबरलेला माणूस सेटवर बडबडतो, पेन्सिलीनं बडबडता येत नाही, असं ते म्हणायचे.

मी राम राम काढून टाकले. खुशाली काढली. हवामान काढलं, मागितलं तरच द्यायचो. एक गोष्ट मात्र काढली नाही. 'कोण कोण' ह्या जागी बाकीचे सेटवाले आकडा लिहायचे, मी नावं लिहायचो. सगळी.

वर पोस्टवर गेल्यावर रोज संध्याकाळी तळाला रिपोर्ट द्यायचा असे. मी लिहायचो, एकदा मोठ्यानं वाचायचो, मग सेट चालू करायचो. वाचताना प्रत्येक नावाला सगळे मिळून 'व्हय म्हाराजा'. सगुण तोवर नायक झाला होता, माझ्यापेक्षा एक पट्टी जास्त, पण हा चाळा त्यानं सोडला नाही. पोस्ट कमांडर सुभेदार साहेब देशावरचे, कडक माणूस. पहिल्या दिवशी म्हणाले,

"परब, बॅटरी सरकारची आहे. ही वरात कशाला?"

मी वडिलांचं वाक्य मराठीत करून सांगितलं, ज्याचं नाव घेतलं नाही त्याच्याकडे कोण बघणार? 

"ठीक. पण भरभर वाच."

त्या नावांत शेवटचं नाव रशीदचं. रशीद पोर्टर होता, खालच्या खोऱ्यातल्या गावचा, वयानं आमच्याहून मोठा. पाठीवर ओझं घेऊन चढायचा आणि थंडीत स्टोअरमध्येच राहायचा. तो सैनिक नाही, त्यामुळे त्याचं नाव रिपोर्टात यायची गरज नव्हती. मी घालायचो. आणि घालायचं म्हणून रोज स्टोअरच्या तारेच्या फोनवर विचारावं लागायचं की रशीद आज कुठं आहे. वर आलेला असला की तोही आमच्यात बसून स्वतःच्या नावाला 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. सगुणनं त्याला 'जेवलंस?' एवढा एकच शब्द जास्तीचा शिकवला होता. तो सुभेदार साहेबांनासुद्धा सॅल्यूट मारून 'जेवलंस?' विचारायचा.

तर तो दिवस.

बरेच दिवस बर्फ पडत होतं. त्या सकाळी थांबलं आणि स्वच्छ ऊन पडलं. नवखा माणूस अशा उन्हाला खूश होतो. सुभेदार साहेबांनी वरच्या उताराकडे दुर्बीण लावून बराच वेळ पाहिलं. पण रॉकेल संपत आलं होतं. रॉकेल नाही तर बर्फ वितळत नाही, बर्फ वितळलं नाही तर प्यायला पाणी नाही. साहेबांनी सगुणला तीन जवान देऊन स्टोअरकडे पाठवलं. पाटील, मोरे आणि भोसले. एकमेकांत अंतर ठेवून, दोर बांधून, आवाज न करता जायचं, असा हुकूम होता.

निघताना सगुण बूट आवळत म्हणाला, "बाबल, सांजेक आमी येवक नाय तर गाऱ्हाणा ल्हान घाल. चार नांवां कमी."

मी म्हटलं, "तू वेळेर ये. नाय तर तुज्या वाटणीची भाजी हांव खातलंय."

ते सुखरूप उतरले. झोपडीत शिरताना मी बंकरच्या दारातून त्यांना पाहिलं.

हिमकडा कोसळतो तेव्हा मोठा आवाज होतो असं लोकांना वाटतं. मी ऐकला तो तसा नव्हता. खळ्यावर पोत्यातून भात ओततात ना, तसा आवाज, फक्त तो थांबेना. थांबला तेव्हा मी बाहेर आलो. उतार होता. स्टोअर नव्हतं.

सुभेदार साहेब बाकीच्यांना घेऊन फावडी आणि दोर उचलून निघाले. जाता जाता मला एकच शब्द म्हणाले, "मेसेज."

मला खाली धावायचं होतं. पाय तिकडंच ओढत होते. पण मी बसलो, पॅड ओढलं आणि लिहिलं. स्टोअर हिमकड्याखाली पूर्ण गाडलं. आत्ताच. नायक कवठणकर, शिपाई पाटील, शिपाई मोरे, शिपाई भोसले, पोर्टर रशीद. पोस्टचे जवान खोदत आहेत. माणसं, लांब सळ्या, डॉक्टर पाहिजे. एकूण दबलेले पाच.

छापील पॅडवर 'आपले जवान' असा रकाना होता. पाचवं नाव त्यात मावत नव्हतं. मी ते रेघेखाली लिहिलं आणि सेट चालू केला.

तळावरचा सेटवाला नवा होता, नियमाला पक्का.

"चार जवान. रॉजर. सिविलियन का अलग मेसेज भेजो. ओव्हर."

तो चुकीचं सांगत नव्हता. पोर्टरांचा कागद वेगळा, तो वेगळ्या टेबलावर जायचा. पण वेगळ्या टेबलावर गेलेला कागद खोदणाऱ्यांच्या हातात कधी पडणार, हे मला कळत होतं.

"नेगेटिव्ह. एक ही मेसेज. पाँच दबे हैं. ओव्हर."

"अलग भेजो. ओव्हर."

"पाँच दबे हैं. पाँचों के नाम फिर से पढ़ता हूँ. लिखो. ओव्हर."

सेट खरखरला. मग तो म्हणाला, "पढ़ो."

मी वाचलं. एकेक नाव, सावकाश. बायको म्हणते मी हट्टी आहे, अर्जात स्वल्पविराम बदलू देत नाही. खरं आहे. त्या दिवशी तो हट्ट कामाला आला.

"रॉजर, पाँच," तो म्हणाला, आणि मी पेन्सिल खाली ठेवली.

तळावरून कॅप्टन साहेब माणसं घेऊन चढले. मला सेट सोडायची परवानगी नव्हती. मी दारातून बघत होतो. पाटील आणि मोरे दाराजवळ होते, ते आधी सापडले. दोघेही जिवंत, पण बेशुद्ध. मग भोसले. त्याच्याजवळ डॉक्टर जास्त वेळ थांबले नाहीत. मग सगुण. डॉक्टरांनी त्याच्या छातीवर बराच वेळ हात चालवले. नंतर ते उठले आणि सगुणवर कोणीतरी कोट घातला. मी सेटवर होतो. तळ विचारत होता, मी सांगत होतो.

ऊन उतरायला लागलं होतं. वरच्या उतारावर नवी भेग दिसत होती. दुसरा कडा आला असता तर खोदणारे सगळे गेले असते. खालून आलेल्या माणसांना आमची पोस्ट माहीत नव्हती. त्यांतल्या एका हवालदारानं विचारलं, चार झाले ना, आता माणसं मागं घ्यायची का? आणि सुभेदार साहेबांची समजूत अशी की रशीद दोन दिवसांपूर्वीच रजा घेऊन गावी गेला. रजा त्याला त्यांनीच दिली होती. बर्फामुळं तो निघालाच नव्हता, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि आदल्या संध्याकाळी नावं वाचली तेव्हा ते पहाऱ्याच्या फेरीवर होते. मला माहीत होतं, कारण त्या संध्याकाळी मी नाव लिहिण्यासाठी स्टोअरच्या फोनवर विचारलं होतं.

कॅप्टन साहेबांनी खिशातून मेसेजचा कागद काढला. पुढचं मला सुभेदार साहेबांनी नंतर सांगितलं. कॅप्टन कागद वाचून एवढंच म्हणाले,

"पाच आहेत. खोदा."

रशीद मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात सापडला, तांदळाच्या पोत्यांच्या आणि मोडलेल्या फळीच्या मधे. ओठ निळे, पण श्वास चालू होता. त्याची दोन बोटं पुढं कापावी लागली. तो जगला.

हॉस्पिटलात मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्यानं मला आतली हकीगत सांगितली. अंधार झाल्यावर पहिल्यांदा सगुणचा आवाज आला. तो नावं घ्यायला लागला. पाटील. मोरे. भोसले. रशीद. ज्याला ऐकू आलं त्यानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पहिल्या फेरीला चौघांनी म्हटलं. मग भोसलेकडून उत्तर येईना. तरी सगुण प्रत्येक फेरीला त्याचं नाव घेत राहिला, आणि थोडा वेळ थांबत राहिला.

"उस्ताद ने किसी का नाम छोड़ा नहीं," रशीद म्हणाला. मग सगुणचा आवाज थांबला. तेव्हा रशीदनं स्वतः नावं घ्यायला सुरुवात केली. त्यात सगुणचंही घेतलं.

मला हे ऐकून काय वाटलं ते मी लिहीत नाही.

रजेवर आलो तेव्हा घरी जाण्याआधी मयेला गेलो. सगुणचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. पलटणीचं इंग्रजी पत्र आलं होतं, पण वहिनीला ते कळलं नव्हतं. मी प्रवासात सगळं लिहून काढलं होतं, त्याच साच्यात. काय झालं, कुठं, कधी, कोण कोण, त्यानं काय केलं, आम्ही काय केलं. पडवीत बसून मी ते वाचलं. तळ्याकडून वारा येत होता, कागद धरून ठेवावा लागत होता. वहिनीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं,

"तेका खूब थंड लागली आसतली?"

माझ्या कागदावर ते नव्हतं. मी म्हटलं, वहिनी, ते मला माहीत नाही. ती म्हणाली, बरें. तुवें खोटें सांगलें ना, म्हणजे खोटं सांगितलं नाहीस. मग आत जाऊन तिनं माझ्यासाठी पेज आणली.

त्यानंतर मी निवृत्त झालो, मुलांची लग्नं झाली, गुडघे गेले. अर्ज लिहिणं सुरू झालं. खांबाचा अर्ज लिहितानाही मी खांब पहिल्या ओळीत घालतो आणि त्या खांबावरून कोणाकोणाच्या घरी वीज जाते ती नावं सगळी घालतो, भाड्यानं राहणाऱ्या ट्रकवाल्याचंही. वायरमन येतो. उशिरा येतो, पण येतो.

दोन वर्षांमागं मयेच्या मंडळानं सगुणच्या नावानं दगड उभा करायचं ठरवलं. मंडळाचे सेक्रेटरी भला माणूस, बँकेतून निवृत्त. त्यांनी मजकूर लिहिला होता. भारतमाता, रक्ताचा अभिषेक, अमर ज्योत. चांगलं लिहिलं होतं, मला असं लिहिता येत नाही. पण त्यात सगुण सातव्या ओळीत आला होता. मी माझा कागद पुढं केला. त्यांनी वाचला आणि हसले.

"परबानू, ही तार मारल्या तुमी."

मी म्हटलं, दगड उन्हात आहे, वाचणारा उभा असणार. ते पटलं त्यांना. मग त्यांनी खाली बोट ठेवलं. हा भोसले कोण? मयेचा नव्हे, गोव्याचासुद्धा नव्हे. दगड गावचा, वर्गणी गावची, परका माणूस त्यावर कसा? मंडळात दोन दिवस वाद चालला. मी प्रत्येक वेळी तेच सांगितलं की गेले ते दोघे, एकाचं लिहाल तर अर्धंच लिहाल. मला हट्टी म्हणाले. मी म्हटलं, हे मला घरी रोज ऐकायला मिळतं.

शेवटी सेक्रेटरी मला घेऊन वहिनीकडे गेले. ती आता म्हातारी झाली आहे, पडवीत कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसलेली असते. तिनं दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

"दोगूय एका घरांत मेले," ती म्हणाली. "दोगांयचीं नांवां घालात."

विषय संपला.

गेल्या वर्षी भोसलेची बहीण आली, सातारा भागातून, मुलाबरोबर. तिला कोणीतरी फोनवर दगडाचा फोटो दाखवला होता. डिचोलीच्या बसस्टँडवर मी आणायला गेलो. म्हातारी दगडासमोर उभी राहिली. माझ्यासारखीच थोडी शिकलेली. अक्षरावर बोट ठेवून भावाचं नाव तिनं वाचलं, मग पुन्हा वाचलं. मग आजूबाजूची माडांची झाडं, परकी घरं, परकी माणसं बघून म्हणाली,

"हितं माझ्या भावाला कोण वळखतंय?"

वहिनी तिच्या बाजूला उभी होती. तिनं तिचा हात धरला.

"आमी वळखतांव," ती म्हणाली. "चल, जेवूंक चल."

दोघी पुढं गेल्या. मी थोडा मागं थांबलो. दगड मी पुष्कळदा वाचला आहे, तरी पुन्हा वाचला. त्यावर एवढंच आहे:

नायक सगुण कवठणकर. शिपाई बबन भोसले. हिमकड्याखाली गेले. कामावर होते. नायकानं आत असलेल्या प्रत्येकाला हाक मारली.